सीईपीचे 60 तास : पोरांना गावात नेऊन नेमकं काय करायचं?

खडूफळा लिहितात :

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात भूगोल शिकवतो, सीएचबीवर, म्हणजे तासाच्या पगारावर, त्यामुळं नवीन काही आलं की ते आमच्याच गळ्यात पडतं हे वेगळं सांगायला नको. तर सेकंड इयरला नवीन शैक्षणिक धोरणानुसार सीईपी आहे, म्हणजे कम्युनिटी एंगेजमेंट, 2 क्रेडिट, फील्डवरचं काम म्हणून एका क्रेडिटचे 30 असे 60 तास. कागदावर वाचलं तर लई भारी वाटतं, वर्गात शिकलेलं समाजात जाऊन वापरा, समाजाकडून शिका वगैरे. प्रत्यक्षात गेल्या बॅचचं काय झालं सांगतो. बॅनर छापला, एका गावात गेलो, देवळाभोवती झाडलं, जिओटॅगवाले, म्हणजे जागेची नोंद असलेले फोटो काढले, सरपंचांनी चहा दिला, आणि महिन्याभरानं जे रिपोर्ट आले त्यातले निम्मे एकाच पेनड्राइव्हमधनं निघालेले, एकात तर गावाचं नावसुद्धा बदललं नव्हतं. पोरांना मार्क भरपूर पडले. कुणाची तक्रार नाही. फाईल कॉलेजच्या तपासणीला येणाऱ्या नॅकसाठी कपाटात.

यंदा मला हे असं करायचं नाही. चाळीसेक पोरं आहेत, निम्मी करवीर, पन्हाळा, राधानगरीकडनं एसटीनं येणारी. त्यांना समोच्चरेषा शिकवतो, नदीचं खोरं शिकवतो, पंचगंगेच्या पाच नद्या तोंडपाठ आहेत, पण पावसाळ्यात "बंधारा 41 फुटांवर" अशी बातमी आली की त्यावरनं आपल्या गल्लीचं काय होणार हे एकालाही सांगता येत नाही, मलाही नाही. म्हणून मनात आहे की नदीकाठच्या गावात पुरावर काहीतरी करावं. पण सर्व्हे सोडून काय करता येतं? कुणी केलंय का असं? गावाला उपयोग व्हावा आणि पोरांचा भूगोलही पक्का व्हावा, दोन्ही पाहिजे. बजेट शून्य आहे हे आधीच सांगतो.

---

नदीकाठची वहिनी :

सर, मी करवीर तालुक्यातल्या नदीकाठच्या गावात ग्रामपंचायत सदस्य आहे, गावाचं नाव घालत नाही. स्पष्ट बोलते, राग मानू नका. आमच्याकडं दरवर्षी कुठलं ना कुठलं कॉलेज येतंय. देऊळ झाडून जातात, जे आमच्या बचत गटाच्या बायकांनी आदल्या दिवशीच झाडलेलं असतंय कारण कॉलेजची पोरं येणार म्हणून. झाडं लावतात, गेल्या वर्षीच्याच खड्ड्यात, कारण गेल्या वर्षीची मेलेली असतात, मे महिन्यात पाणी घालायला कोण येणार. आणि तो फॉर्म! घरात माणसं किती, शौचालय आहे का, गॅस आहे का. आमच्या सासूबाईंना एका पोरीनं विचारलं शौचालय आहे का आणि ती त्याच शौचालयाच्या दाराला टेकून उभी होती. सासूबाई म्हणाल्या "बाई, जरा सरक, मला आत जायचंय."

एवढे फॉर्म भरून नेले, एक तरी कॉलेज परत येऊन म्हणालं का की बघा तुमच्या गावात असं असं निघालं? मी तरी बघितलं नाही.

आता तुम्ही पुराचं म्हणताय म्हणून सांगते. आम्हाला एकच गोष्ट पाहिजे. बातमीत सांगतात इशारा पातळी 39, धोका पातळी 43. ती राजाराम बंधाऱ्यावरची, तिकडं कसबा बावड्याला. आमच्या गावात 43 ला पाणी कुठं असतंय? मराठी शाळेजवळ का कुंभार गल्लीत का अजून मळ्यातच? म्हातारी माणसं अंदाज सांगतात, पण 2019 ला आणि 2021 ला म्हाताऱ्यांचे अंदाज पण वाहून गेले. जनावरं कधी सोडायची, ट्रॅक्टर कधी वर न्यायचा, हे रात्री दोन वाजता ठरवायला लागतंय हो. "बंधारा 45 झाला की अमक्या गल्लीत पाणी" असं एक पान ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागलं तर तुमच्या पोरांना आम्ही जेवायला घालू, चहा सोडा.

---

ओळंबा :

वहिनींनी प्रोजेक्ट हातात दिलाय सर, आता सोडू नका. मी सिव्हिलवाला, साईटवर आयुष्य गेलं, म्हणून हे कसं करता येईल ते सांगतो. टोटल स्टेशन म्हणजे ते मोजणीचं यंत्र नको, ड्रोन नको.

गवंड्याकडं पारदर्शक लेव्हल पाईप असतो, पाणसळ म्हणा, पाणी भरलेली नळी. दोन टोकं कितीही लांब धरा, दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीत थांबतं. गावात 2019 किंवा 2021 च्या पुराची खूण अजून भिंतींवर असणार, बऱ्याच जणांनी रंगानं रेघ मारून तारीख घातलेली असते. अशी एक खात्रीची खूण धरायची, शक्यतो शाळेची नाहीतर ग्रामपंचायतीची भिंत. तिथनं नळीनं ती पातळी पुढच्या घरापर्यंत न्यायची आणि त्या पातळीपासून उंबरठा किती फूट किती इंच खाली आहे ते टेपनं मोजायचं. मग पुढचं घर, मग त्याच्या पुढचं. असं गल्ली गल्ली करत फिरून परत त्याच पहिल्या भिंतीवर यायचं. आता गंमत इथं आहे. परत आल्यावर पातळी त्याच रेघेवर येईल का? नाही येणार. दोन इंच वर नाहीतर तीन इंच खाली येणारच. का आली? नळीत बुडबुडा राहिला, कुणी अंगठा लवकर काढला, कुणी टेप तिरका धरला. ही चूक किती, ती सगळ्या घरांवर कशी वाटायची, कुठल्या टप्प्याचं परत मोजायचं, यात तुमचा सर्व्हेइंगचा अख्खा धडा आला. पुस्तकातनं "त्रुटी" शिकवून कुणाला कळलीय आजपर्यंत?

मग हिशोब. त्या पुरात बंधाऱ्याची सर्वोच्च पातळी काय होती ते नोंदीतनं घ्यायचं. दोन्ही पूर 55 फुटांच्या वर गेले होते, समजायला सोपं म्हणून 55 धरू. एखाद्या घराचा उंबरठा खुणेच्या 8 फूट खाली असेल तर ढोबळमानानं बंधारा 47 च्या आसपास आला की त्या घरात पाणी.

पण ढोबळमानानं, हे विसरू नका. बंधारा शहराच्या खालच्या अंगाला, गाव वरच्या अंगाला असेल तर नदीच्या पाण्याला स्वतःचा उतार असतो आणि तो उतार 43 ला वेगळा, 55 ला वेगळा. शिवाय राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडलेत का, कासारी-कुंभीकडं पाऊस किती, यावरनं पण फरक पडतो. म्हणून नळीचा आकडा आला की तोच घरमालकाला विचारून ताडून बघायचा. "तुमच्या दारात पाणी आलं तो वार कोणता, सकाळ का रात्र?" आणि त्या वेळची बंधाऱ्याची पातळी त्या तारखेच्या पेपरात सापडते, फूट-इंचासकट. 2019 चा ऑगस्ट आणि 2021 चा जुलै, लायब्ररीत फायली असतात. नळी एक सांगते, माणूस दुसरं सांगतं, पेपर तिसरं सांगतो, तिन्ही जुळवताना पोरं जे डोकं लावतील तो तुमचा भूगोल.

एक गोष्ट मात्र मोठ्या अक्षरात त्या पानावर लिहा : ही शासकीय पूररेषा नाही. निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतनं एकदा येणारा पूर, लाल म्हणजे 100 वर्षांतनं एकदा, आणि त्या रेषा पाटबंधारे खातं आखतं. गावात कुणी उठवलं की कॉलेजवाले निळी रेषा मारायला आलेत आणि आता बांधकाम परवानगी बंद, तर पोरांना हाकलून लावतील आणि त्यांचंही चुकणार नाही.

---

नदीकाठची वहिनी :

ओळंबादादा बरोबर बोलला. अजून एक. हातात वही घेऊन उंबरठा मोजायला लागला की बायका पहिलं विचारणार "अनुदान आलं काय?" पुरानंतर तलाठी पंचनाम्याला आलेले, कुणाचं नाव आलं कुणाचं राहिलं, त्यावरनं भावाभावांत अजून बोलणं नाही. त्यामुळं आधी दवंडी... म्हणजे आता व्हॉट्सअप ग्रुपवर टाकायचं आणि 26 जानेवारीच्या ग्रामसभेत तुम्ही स्वतः येऊन उभं राहून सांगायचं की हे अनुदानासाठी नाही, नाव लिहून घेत नाही, फक्त घराची उंची. सरपंचांना फोन करून जमत नाही, सभेतच सांगायचं. आणि काम झालं की 1 मेच्या ग्रामसभेत पोरांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं. चुकलं असेल तर गाव तिथंच सांगेल, आमचं गाव गप बसणाऱ्यातलं नाही.

---

जुना फळा :

मी निवृत्त मुख्याध्यापक. चर्चा वाचून बरं वाटलं आणि थोडा चिडलोसुद्धा, कारण ही मंडळी जणू हे सगळं परवा धोरणात आलं असं बोलतात.

कोठारी आयोग 1964 ते 66 चा. त्यानं "कार्यानुभव" सांगितला, शिक्षणाची सांगड उत्पादक कामाशी आणि समाजाशी घाला म्हणून सांगितलं. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक, आपल्याच जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे. गारगोटीचं मौनी विद्यापीठ उभं करण्यात त्यांचा हात, आणि तिथं कल्पनाच ही की शिक्षण खेड्याच्या गरजेतनं वाढावं. कर्मवीर भाऊराव जन्मले कुंभोजचे, हातकणंगले तालुक्यातले, त्यांच्या वसतिगृहात पोरं स्वतः राबून शिकली. एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, 1969 ला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झालं, दोन वर्षांत 240 तास आणि सात दिवसांचं शिबिर, ते अजून चालू आहे. म्हणजे कल्पनेची कमी आपल्याला कधीच नव्हती.

आता कार्यानुभवाचं शाळेत काय झालं ते तुम्ही सगळ्यांनी भोगलंय. वेळापत्रकात शुक्रवारचा शेवटचा तास, कागदी फुलं, काडेपेटीचं घर, लोकरीचं तोरण, आणि तेही बहुतेकांच्या आयांनी रात्री जागून केलेलं. कारण सोपं आहे, ज्या शिक्षकाला जो विषय येतो त्याच्याशी त्या फुलांचा काही संबंध नव्हता. गणिताच्या मास्तरला कागदी फुलं तपासायला दिली की तो सगळ्यांना 'अ' देऊन मोकळा होतो. मी पण 'अ'च द्यायचो.

खडूफळा, तुमच्या प्रकल्पात मला आवडलं ते हे की भूगोलाच्या मास्तरला भूगोलच तपासायचा आहे. पण एक विनंती, झाडण्याला इतकं हिणवू नका. श्रमदानाला श्रमदानाची किंमत आहे. पुरानंतर चिखल उपसायला शेकड्यानं पोरं रस्त्यावर उतरली तेव्हा कुणी क्रेडिट विचारलं नव्हतं. फक्त त्याला भूगोलाचे मार्क देऊ नका, एवढंच.

---

सेकंड शिफ्ट :

सर मी स्टॅटचा, म्हणजे संख्याशास्त्राचा विद्यार्थी आहे, दुसऱ्या कॉलेजचा. सगळ्यांचं वाचलं, भारी आहे, पण आमच्यासारख्यांचं कोण बोलणार? मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहे, वाळूच्या साच्यात धातू ओततात तिथं, सेकंड शिफ्ट, कॉलेज सुटलं की डबा घेऊन तिकडंच, रात्री साडेअकराला घरी. "खऱ्या जगाचा अनुभव" घ्यायला मला गावात कशाला न्यायला पाहिजे भावांनो, मी रोज त्यातच हाय. कास्टिंगची रिजेक्शन वाढली की सुपरवायझर आधी पोरांवर ओरडतो, मी एकदा शिफ्टवार रिजेक्शन वहीत मांडून चार्ट काढला, वर्गात शिकवतात तसाच कंट्रोल चार्ट, आकडा नेहमीच्या हद्दीत आहे का ते दाखवणारा, तर दिसलं की वाळू ओली असली की त्या दिवसाचे ठिपके वर जातात, पोरं तीच असतात. सुपरवायझर वही घेऊन गेला, परत दिली नाही ती गोष्ट वेगळी. पण कॉलेजात मॅडमना विचारलं हे सीईपीत चालेल का तर म्हणाल्या गावातला फोटो पाहिजे. शनिवार-रविवार गावात जायचं म्हटलं तर ओव्हरटाइम बुडतो, तो ओव्हरटाइम म्हणजे माझी फी. सगळ्या पोरांच्या घरी शनिवार मोकळा असतो असं धरून कुणी हे बनवलंय काय माहीत.

---

खडूफळा :

सेकंड शिफ्ट, तू जे केलंस ते माझ्या मते अर्ध्या सेमिस्टरचं काम आहे, आणि मॅडम तुला सांगत होत्या ते नियमाच्या बाजूनं असेलही, फौंड्रीतलं काम ओजेटीत, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंगमध्ये बसतं, आमच्याकडं ते सेम सहाला आहे, 4 क्रेडिट. तिथं ते घाल, वही परत मांड. पण सीईपीसाठी तुला माझा सल्ला असा की फील्डवर जाणारा आणि हिशोब करणारा एकच माणूस असायला पाहिजे असं कुठं लिहिलंय? माझ्या वर्गातही काम करणारी पोरं आहेत, एक पेट्रोल पंपावर आहे, दोघी साड्यांच्या दुकानात. त्यांनी पेपरच्या जुन्या फायली वाचून तारखेवार पातळी काढायची, बाकीच्यांनी नळी धरायची. लायब्ररी कॉलेजातच आहे, तास रिकामा असला की जाता येतं. त्यांनी गावात निदान एकदा मात्र यायचं, ग्रामसभेला, कारण आपण काढलेल्या आकड्यावर एखादी बाई "हे खोटं आहे" म्हणते तेव्हा काय होतं ते बघायला पाहिजे.

गुरुजी, झाडण्याबद्दल मान्य. कार्यानुभवात मला पण 'अ' होता, काडेपेटीचं घर आईनं केलेलं.

ओळंबासाहेब, शंका आहे. चाळीस पोरं आणि नळ्या किती लागतील? आणि गावात शे-दोनशे उंबरे असणार, सगळे मोजायचे का?

---

ओळंबा :

सगळे कशाला? गल्लीत सगळ्यात खालचं घर, सगळ्यात वरचं आणि मधलं एखादं. शिवाय शाळा, अंगणवाडी, दूध डेअरी, पाण्याची टाकी, स्मशानभूमीची वाट आणि गावाबाहेर पडायचा रस्ता जिथं पहिल्यांदा बुडतो ती जागा. ही शेवटची जागा सगळ्यात महत्त्वाची, तिथं रेघ आधी मारा. घरात पाणी यायच्या आधी वाट बंद होते आणि माणसं अडकतात ती तिथं.

एका नळीला चार पोरं पुरतात, दोन टोकं धरायला, एक टेपला, एक वहीला, आणि दर तासाला जागा बदला, नाहीतर वही कायम पोरींच्या हातात आणि नळी कायम पोरांच्या हातात राहते हे मी सांगायला नको. नळीत थोडं कुंकू नाहीतर निळ टाका, पाणी दिसायला सोपं जातं. भर उन्हात करू नका, एक टोक उन्हात आणि एक सावलीत असलं तरी गडबड होते. नळ्या मी देतो, जुन्या आहेत पण गळत नाहीत. परत करायच्या.

---

टाकीवाला :

विषय जरा सोडून बोलतो, पण केमिस्ट्रीवाले कुणी वाचत असतील तर. मी ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक आहे, टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर घालायची आणि ओटी टेस्ट करायची हे माझं काम. नळाच्या पाण्यात दोन थेंब टाकले की पिवळं व्हायला पाहिजे, पिवळं झालं म्हणजे क्लोरीन आहे. शेवटच्या नळाला निदान 0.2 पीपीएम पाहिजे असं ट्रेनिंगला सांगितलंय. आता मला कोड्यात टाकणारी गोष्ट ही की तेवढीच पावडर घालून एका महिन्यात झक्क पिवळं येतंय आणि पुढच्या महिन्यात काहीच नाही. मला वाटतंय पोतं उघडं राहिलं की पावडरीचा दम जातो, नव्या पावडरीत 33 टक्के क्लोरीन असतंय म्हणतात, सहा महिने ओलीत पडलेल्या पोत्यात किती राहतंय कुणास ठाऊक. तुमच्या लॅबमध्ये हे मोजता येतंय ना? सॅम्पल मी आणून देतो. कुठल्या कॉलेजला विचारायचं ते कळत नाही, आपण तिथं कसं जायचं, गेटवर वॉचमन विचारतो काय काम आहे.

---

सेकंड शिफ्ट :

टाकीवाले काका, आमच्या कॉलेजात केमिस्ट्रीच्या पोरांना आयोडीनचं टायट्रेशन असतंय, ब्लीचिंग पावडरमधला क्लोरीन काढायचं प्रॅक्टिकलच आहे, सगळे मागच्या वर्षीच्या जर्नलमधनं रीडिंग उतरवतात. तुमच्या पोत्यातलं सॅम्पल दिलं तर उतरवता येणार नाही, करावंच लागेल, हाहा. मी माझ्या मित्राला सांगतो, तो केमिस्ट्रीला आहे. घट्ट झाकणाच्या बाटलीत आणा, एक नव्या पोत्यातलं एक जुन्या. गेटवर मी येतो घ्यायला, सकाळी दहाच्या आत.

आणि सर, पेपरच्या फायलींचं काम मला करता येईल का? दुसऱ्या कॉलेजचा आहे मी, क्रेडिट नाही मिळालं तरी चालतंय. पातळी तासातासाची मिळाली तर पाणी किती वेगानं चढतंय ते काढता येईल, 39 वरनं 43 ला जायला किती तास लागले दोन्ही वेळेस. ते पान भिंतीवर लागलं तर नुसत्या उंचीपेक्षा जास्त कामाचं, कारण माणूस विचारतंय की अजून वेळ किती हाय.

---

नदीकाठची वहिनी :

हेच पाहिजे होतं, "वेळ किती हाय". ये रे बाळा तू पण.

सर, तुम्ही जानेवारीत येणार असाल तर ध्यानात ठेवा, ऊसतोड जोरात असती, पुरुष माणूस दिवसा घरात सापडत नाही, गडी सगळे फडात. बायका सापडतात पण सकाळ-संध्याकाळ डेअरीची वेळ सोडून या, धारा काढायच्या वेळी कुणी तुमच्याशी बोलणार नाही. दुपारी दोन ते साडेचार बरं. वडापनं, म्हणजे सीटवर भरणाऱ्या जीपनं यायचं तर परतीचं वडाप सहानंतर मिळत नाही, पोरींना लवकर सोडा. आणि तो बॅनर आणू नका, गेल्या वेळचा अजून आमच्या गोठ्यावर ताडपत्री म्हणून आहे.

---

खडूफळा :

बॅनर नाही. जिओटॅग फोटो मात्र लागणार वहिनी, त्यातनं सुटका नाही, नळी धरलेले काढतो. प्राचार्यांकडं उद्या अर्ज देतो, 26 जानेवारीच्या सभेसाठी सरपंचांच्या नावे पत्र कसं लिहायचं तेवढं सांगा, ग्रामसेवकांना प्रत द्यायची का?

---

नदीकाठची वहिनी :

द्यायची. आणि पोच घ्या, शिक्क्यासकट.